ऑक्सॅलिप्लॅटिन सलाइनमध्ये का चालत नाही?

प्रश्न (खारघर, डे-केअर नर्सिंग): प्लॅटिनम असलेली कॅन्सरची दोन औषधं: सिसप्लॅटिन नॉर्मल सलाइनमध्ये (मिठाचं पाणी) देतात, ऑक्सॅलिप्लॅटिन मात्र ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेचं पाणी). असं उलट का?

फार्मासिस्ट, ठाणे: सगळा प्रश्न क्लोराइडचा आहे. सिसप्लॅटिनच्या रेणूतलं क्लोराइड पाण्यात सुटू लागतं. सलाइनमधलं क्लोराइड ते रोखतं. ऑक्सॅलिप्लॅटिनमध्ये हेच क्लोराइड रेणूतल्या ऑक्सॅलेटला हुसकावतं आणि औषध बिघडतं. म्हणून लाइनही डेक्स्ट्रोजनेच फ्लश करा. ॲल्युमिनियम असलेली सुई दोन्हींना वर्ज्य. सिसप्लॅटिन फ्रिजमध्ये ठेवू नका, स्फटिक खाली बसतात.

वाशी: याच गटातल्या कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीवर ठरतो: एयूसी × (जीएफआर + २५) मिलिग्रॅम. एयूसी म्हणजे औषधाचा शरीराशी एकूण किती संपर्क हवा त्याचं माप, जीएफआर म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग. एयूसी ५, जीएफआर ७५ असेल तर ५००. जीएफआर रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात, म्हणून त्याचा रिपोर्ट ताजाच हवा, नाहीतर हिशेब चुकतो.

ठाणे: आणि ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाणी, बर्फ टाळायला पेशंटला आवर्जून सांगा, घशात, बोटांत मुंग्या येतात.