नॅनोकंट्रोलवर शिफ्टचा दुसरा थर कसा बसवायचा? (नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी)

डिचोलीचा_शामेळ

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा. जत्रा-काल्यांच्या हंगामात गावोगावच्या मराठी नाटकांना पार्श्वसंगीत देतो. लॅपटॉपवर रीपर (आवाज वाजवायचं-मिसळायचं सॉफ्टवेअर), पुढ्यात कॉर्ग नॅनोकंट्रोल २, म्हणजे फेडर (सरकत्या पट्ट्या), नॉब आणि बटणांचं छोटं यंत्र. आठ फेडरवर तानपुरा, पाऊस, समुद्र, देवळातली घंटा, घुमट वाद्याचा लूप, लढाईचा गलका असं सगळं. आठ नॉबवर त्याच ट्रॅकचे फिल्टर. इथवर छान चाललंय.

आता दिग्दर्शकांना माइकवरही इफेक्ट हवेत. आकाशवाणी झाली की आवाज घुमला पाहिजे, राक्षस बोलला की तो खाली उतरला पाहिजे. नॉब तर सगळे भरलेत. दुसरा कंट्रोलर घ्यायची सध्या ऐपत नाही आणि विंगेतल्या टेबलावर जागाही नाही. सायकलचं बटण मात्र रिकामं आहे. ते दाबून धरलं की नॉबांनी दुसरं काम करावं, सोडलं की पहिलं. यंत्रावर शिफ्ट नाही, कॉर्गच्या एडिटरातही तशी सोय दिसत नाही. कुणी केलंय का?

फोंड्याची_पायपेटी

होतं बाब, आणि नीट होतं. मी फोंड्याच्या बाजूला नाटकांचा साउंड बघतो, माझी मांडणी हीच आहे.

एडिटरात शोधून काही मिळणार नाही. १९८३ सालापासून चालत आलेल्या मिडीत, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या भाषेत, शिफ्ट नावाचा संदेशच नाही. नॉब फिरला की चॅनल, कंट्रोल नंबर आणि ० ते १२७ मधली किंमत, एवढंच बाहेर पडतं. तुमचं सायकल बटणही ४६ नंबरवर दाबताना १२७ आणि सोडताना ० पाठवतं, बाकी काही नाही. बटण दाबलेलं आहे हे लक्षात ठेवायचं काम सॉफ्टवेअरनं करायचं. पायपेटीला स्टॉप ओढला की पट्टी तीच आणि आवाज वेगळा, तसंच हे.

रीपरला त्यासाठी रीअलर्न हा प्लगइन आहे, रीपॅक या रीपरच्या प्लगइन-भांडारातून मिळतो. सायकल बटण मोमेंटरी (दाबलं तेवढ्यापुरतंच चालू) ठेवा आणि ते रीअलर्नच्याच एका पॅरामीटरला जोडा. मग प्रत्येक नॉबाची दोन मॅपिंग (नॉब काय हलवतो त्या जोडण्या) करा. दोन्हीकडे ‘मॉडिफायर’ची अट लावायची आणि तो पॅरामीटर निवडायचा: एकात ‘ऑफ’, दुसऱ्यात ‘ऑन’. पहिल्या मॅपिंगला अट लावली नाही, तर शिफ्ट दाबल्यावर दोन्ही कामं एकदम होतात. तुम्ही आकाशवाणीचा घुमारा वाढवायला जाणार आणि मागचा पाऊस बदलून बसणार.

आता खरी गोष्ट. फेडर दुसऱ्या थरावर नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. विंगेत अंधार असतो, नट कधी वाक्य गाळतो, कधी पदाचं ध्रुवपद पुन्हा घेतो, आणि तुमचं बोट फेडरवर जातं ते न बघता. फेडर जिथे दिसतोय तिथेच त्या ट्रॅकचा आवाज असला पाहिजे. तानपुऱ्याच्या फेडरनं आपण मघाशी भलतंच काही हलवलं होतं का, हा विचार गाणाऱ्याच्या पहिल्या सुरावर डोक्यात येता कामा नये. दुसरा थर फक्त नॉब आणि बटणांना.

नॉबांनाही हीच अडचण आहे, पण तिथे उपाय आहे. समजा पावसाचा फिल्टर १०० वर होता. शिफ्ट धरून तोच नॉब तुम्ही ३० वर आणलात. शिफ्ट सोडलं, फिल्टर अजून १०० वरच, नॉब मात्र ३० वर. आता नॉब जरा हलला की फिल्टर धाडकन ३० वर उडी मारतो. म्हणून दोन्ही मॅपिंगना टेकओव्हर ‘पिक-अप’ ठेवा. नॉब जुन्या जागेवरून जाईपर्यंत काहीच हलत नाही. माइकच्या इफेक्टला टार्गेटची (जे हलवायचं त्याची) वरची मर्यादाही घाला, नाहीतर घुमारा पूर्ण उघडला की स्पीकर शिट्टी मारतो.

आणखी एक. नॅनोच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये फेडरजवळची आर खुणेची बटणं ६४ ते ७१ वर आहेत. ६४ म्हणजे सस्टेन पेडल (सूर धरून ठेवणारं). ट्रॅकचं मिडी इनपुट ‘सगळे’ असं ठेवलेलं असेल तर पहिलं आर दाबून धरलं की सिंथचे सूर लोंबकळत राहतात. आठवा फेडर ७ वर, म्हणजे व्हॉल्यूम. तेव्हा सिंथच्या ट्रॅकला इनपुट फक्त कीबोर्डचं द्या.

म्हापसा_लूप्स

एबलटन लाइव्ह (रीपरसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी भर घालतो. लाइव्हच्या मिडी मॅपमध्ये मॉडिफायरची अट लावता येत नाही. पायथनमध्ये रिमोट स्क्रिप्ट लिहावी लागते, किंवा मॅक्स फॉर लाइव्ह, किंवा मधे बोम मिडी ट्रान्सलेटर प्रो. मी बोम वापरतो. ४६ दाबलेलं असलं की १६ ते २३ चे नॉब १०२ ते १०९ करून पुढे पाठवतो. १०२ ते ११९ हे नंबर मिडीत मोकळे ठेवलेले आहेत, त्यामुळे कशाशी टक्कर होत नाही. लाइव्हला वाटतं आठ नवे नॉब आले. टेकओव्हर प्रेफरन्सेसमध्ये (नव्या आवृत्तीत सेटिंग्जमध्ये) आहे, तिथे पिक-अप किंवा व्हॅल्यू स्केलिंग निवडा.

पैसे जमले की एन्कोडरवालं (टोक नसलेल्या, गोल फिरत राहणाऱ्या नॉबांचं) यंत्र बघा. बेरिंगरच्या एक्स-टच मिनीत आठ एन्कोडर, भोवती दिव्यांचं कडं आणि ए-बी असे दोन थर यंत्रातच आहेत.

डिचोलीचा_शामेळ

देव बरे करू. बसवलं, नॉब बदलतात. पण पिक-अपची एक भीती वाटते. आकाशवाणीचं वाक्य सुरू झालं आणि नॉबाला जुनी जागा सापडेपर्यंत अर्धं वाक्य कोरडंच गेलं तर?

फोंड्याची_पायपेटी

बरोबर विचारलंत. ज्या क्यूला क्षणात इफेक्ट हवा, तो नॉबावर ठेवायचाच नाही. माइकच्या ट्रॅकवरून रिव्हर्बला (घुमाऱ्याच्या इफेक्टला) जो सेंड (आवाजाची प्रत) जातो, त्याचा व्हॉल्यूम शिफ्ट आणि फेडरजवळच्या एस खुणेच्या बटणाला मिळून द्या. खालची मर्यादा शून्य, वरची तालमीत कानाला पटली ती. दाबलं की आवाज घुमला, पुन्हा दाबलं की कोरडा. नॉबावर राक्षसाच्या आवाजाचा पोत वगैरे ठेवा, म्हणजे प्रवेशाआधी निवांत लावून घेता येईल असं.

त्या मॅपिंगला ‘टॉगल बटण’ हाच प्रकार निवडा. दाबून धरायचं ठेवलंत आणि घाईत शिफ्ट आधी सुटलं, तर एस सोडल्याचा शून्य दुसऱ्या थरापर्यंत पोचतच नाही. आकाशवाणी संपते, नारद बोलायला लागतो आणि तोही देवळाच्या गाभाऱ्यातून बोलल्यासारखा घुमतो. टॉगलमध्ये सोडण्याला अर्थच नसतो, त्यामुळे कुठलं बोट आधी उचललं यानं काही बिघडत नाही. शिफ्ट मात्र दाबून धरायचंच ठेवा, त्याला टॉगल करू नका.

आणि यंत्रावर पांढरी टेप लावून पहिला थर काळ्या शाईनं, दुसरा लालनं लिहा. विंगेतला दिवा लाल असेल तर लाल शाई दिसत नाही, तेव्हा निळी घ्या.