उंची एवढंच माप पुरेसं नाही

गोल्फच्या आयर्नचं (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचं) फिटिंग, म्हणजे क्लब खेळाडूला जुळवून घेणं, उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं की झालं, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. ती मापं सुरुवातीला ठीक आहेत, पण उभं राहिल्यावर दिसणारा लाय अँगल (शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा आणि जमीन यांतला कोन) आणि चेंडूला लागताना असणारा लाय अँगल यांत बराच फरक पडतो. स्विंगमध्ये हात वर येतात, शाफ्ट खाली वाकतो. त्यामुळे एकाच उंचीच्या दोघांना वेगळे क्लब लागू शकतात.

सोपी चाचणी आहे. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती क्लबकडे तोंड करून येईल असा चेंडू ठेवून मारा. फेसवर (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर) उमटलेली रेघ तिथल्या आडव्या खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. टो (डोक्याचं शाफ्टपासून लांबचं टोक) वर राहत असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो, हील (शाफ्टजवळचं टोक) वर राहिली तर उजवीकडे. लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून वेज, म्हणजे सर्वांत जास्त लॉफ्टचे क्लबही नक्की तपासा.

लाय दुरुस्त करायला फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न एक-दोन अंश सहज वाकवता येतात, कास्ट (साच्यात ओतलेले) जरा हट्टी असतात. शाफ्टचं वजन मात्र आधी ठरवा. ते बदललं की स्विंग बदलतो आणि लाय पुन्हा मोजावा लागतो.