शिशाची वजनं घरी ओतायची आहेत, सुरुवात कशी करू?

खाडीकाठ_कळवा
नमस्कार मंडळी. गळाला लावायची 60 आणि 100 ग्रॅमची शिशाची वजनं घरीच ओतायचा विचार आहे. दोन किलोभर भंगार जमलंय: जुन्या पागाच्या (हातानं फेकायच्या जाळ्याच्या) कडेची शिसं आणि टायरवाल्याकडची चाकांची वजनं. एक मेलेली इन्व्हर्टरची बॅटरी आहे, ती फोडली तर आणखी मिळेल. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा करणार. जागा म्हणजे सातव्या मजल्यावरची गॅलरी, नाहीतर सोसायटीची गच्ची. घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून हात घालण्याआधी विचारतोय. भांडं कुठलं, ताप किती, पावसाळ्यात चालेल का?

ओतकाम_तुर्भे
आधी बॅटरी. ती अजिबात फोडू नका. आतलं बरंचसं शिसं धातूच्या रूपात नसतंच, ते ऑक्साइड आणि सल्फेटच्या लगद्यात असतं. तो लगदा तुमच्या कढईत वितळणार नाही, नुसती विषारी धूळ होईल. वर आम्ल आहेच. आजकालच्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांत कॅल्शियम असतं. त्या वितळवताना वर येणाऱ्या मळीत आर्सेनिक असेल आणि तिला ओल लागली तर आर्सिन सुटू शकतो, आणि तो वायू जीव घेतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही जुनी बॅटरी दुकानदाराकडे किंवा नोंदणीकृत संकलकाकडे द्यायची असते. नवी घेताना जुन्याचे पैसे वळते होतात, तेच करा.

गॅलरी आणि गच्ची दोन्ही रद्द. गॅलरीतला धूर वाऱ्याबरोबर घरातच येतो. गच्चीवर लोक पापड, कुरडया, मिरच्या वाळत घालतात, त्याच फरशीवर शिशाची बारीक राख पडणार. पत्र्याची शेड हवी, बाजूंनी उघडी, वर गळकी नसलेली, मुलांची ये-जा नसलेली. गावाकडे परड्यात (घरामागच्या मोकळ्या जागेत) सोय असेल तर काम दिवाळीनंतर तिकडे करा. पावसाळ्यात नको. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटीहून जास्त जागा मागते. कढईतला सगळा माल तोंडावर येतो. आपल्याकडे जुलैत कोरडा दिसणारा चमचासुद्धा दमट असतो.

भांडं जाड बुडाचं, लोखंडी किंवा स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कधीच नाही. तापल्यावर ते मऊ पडतं आणि भरल्या भांड्याचा कान हातात येतो. कढई, पळी, झारा या कामाला लागले की स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत, त्यांना लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा. शेगडी जमिनीलगत, विटांवर घट्ट बसवलेली. खाली स्टीलची परात आणि तिच्यात भाजून कोरडी केलेली वाळू. सिमेंटच्या कोब्यावर उघडं शिसं सांडलं तर आतल्या ओलीनं कोबा तडकून उडतो.

भंगार निवडताना प्रत्येक तुकडा हातात घ्या. शिशावर खिळ्यानं ओरखडा सहज उठतो, जमिनीवर टाकलं तर बद्द आवाज येतो. जस्त कडक असतं, खणखणतं. चाकांच्या वजनांवर बऱ्याचदा झेडएन (जस्त) किंवा एफई (लोखंड) कोरलेलं असतं, ती बाजूला काढा. जस्त 419 अंशांना वितळतं. ताप 370 ते 400 मध्ये ठेवलात तर चुकून आलेलं जस्त तरंगत राहतं, झाऱ्यानं काढता येतं. त्यावर गेलात की ते शिशात मिसळतं, माल पिठल्यासारखा घट्ट होतो आणि साच्याचे कोपरे भरत नाहीत. के टाइपचा थर्मोकपल (ताप मोजायची तार) लावलेला डिजिटल मीटर घ्या, अंदाजावर चालू नका. 480 च्या पुढे शिशाची वाफही वाढत जाते.

पागाची शिसं पोकळ असतात, भोकात खाडीचा चिखल आणि मीठ बसलेलं असतं. ती धुवून, फोडून, कडक उन्हात दोन दिवस ठेवा आणि थंड कढईत पहिल्यांदाच घाला. पुढची भर घालायची तर तुकडा कढईच्या काठावर दहा मिनिटं तापू द्या, मग पळीनं अलगद सोडा. कढई अर्ध्याच्या वर भरू नका.

सगळं वितळलं की वाटाण्याएवढं मेण टाका. धूर होईल, पेट घेईल, म्हणून मान मागे. तळापासून ढवळा, वर आलेली करडी मळी झाकणाच्या डब्यात काढा. ती मळी म्हणजे बरंचसं शिशाचं ऑक्साइडच, कचऱ्याच्या गाडीत जाता कामा नये. भंगार शिसं घेणाऱ्या अधिकृत माणसालाच द्या.

साचेवाला_ठाणे
वरच्या सगळ्याशी सहमत. साच्याबद्दल सांगतो, कारण नवशिके इथेच भाजतात.

प्लास्टर उन्हात वाळलं म्हणजे कोरडं झालं असं नव्हे. घट्ट झालेल्या प्लास्टरमध्ये वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी रासायनिक बंधात असतं. ऊन ते काढू शकत नाही, 350 अंशांचं शिसं मात्र लगेच काढतं. साचा फसफसतो, तोंडातून शिसं परत उडतं. हे पाणी घालवायला साचा 200 अंशांच्या आसपास तासन्‌तास भाजावा लागतो, आणि तसा भाजलेला साचा ठिसूळ होऊन पाच-सहा ओतण्यांत झडतो. पहिल्यांदाच करणाऱ्यानं प्लास्टरच्या वाटेला जाऊ नये. बिजागरी आणि लाकडी मुठीचा दोन भागांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा घ्या किंवा एखाद्या वर्कशॉपमधून मिलिंग (मशीनवर धातू कोरून) करून घ्या.

माप असं काढा: शिशाची घनता मिलीला 11.34 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमला 8.8 मिली पोकळी लागते आणि 60 ला 5.3. मिलिंगसाठी लाकडी नमुना करणार असाल तर त्याला वार्निश लावा, मापपात्रातल्या पाण्यात टाचणीनं पूर्ण बुडवा, पाणी किती चढलं ते बघा. साच्यात पाणी ओतून मोजायचं नाही!

ओतण्याआधी पोकळीला मेणबत्तीची काजळी धरा, माल चिकटत नाही. साचा कढईशेजारी तापू द्या. कडीसाठी 1.2 मिमीची पितळी तार, आत जाणारी टोकं पिळून वाकवलेली, नाहीतर मोठा मासा लागला की कडी उपटून येते. तार तेलकट नको. एका दमात ओता, तोंडावर छोटं डबकं राहीपर्यंत. शिसं थिजताना आकसतं, ते डबक्यातून माल ओढून घेतं. डबकं मॅट झालं की आणखी अर्धा मिनिट थांबून साचा उघडा.

वजनावर सुरकुत्या आल्या तर साचा किंवा माल थंड आहे. पहिली तीन-चार तशीच येतात, ती परत वितळवा. पृष्ठभाग पिठूळ पांढरट आला तर साचा जास्त तापलाय, दोन मिनिटं उघडा ठेवा. कडेला पातळ पापुद्रा येत असेल तर साच्याचे दोन भाग नीट मिटत नाहीत, मध्ये कण अडकलाय. गरम वजन पाण्यात टाकून गार करू नका, त्याच ओल्या हातांनी साचा पुन्हा धरला जातो.

खाडीकाठ_कळवा
बॅटरी आणि प्लास्टर दोन्ही बाद केले. अंगावर काय घालायचं? आणि मुलीच्या दृष्टीनं?

निळी_शाई
अंगावर जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट बुटांवरून खाली आलेली, चामड्याचे बंद बूट, चामड्याचे हातमोजे, पूर्ण चेहऱ्याची ढाल. नायलॉन, पॉलिएस्टर अजिबात नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. पी100 (बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क; सर्जिकल मास्कचा इथे उपयोग नाही. जवळ कोरड्या वाळूची बादली. पाणी कढईपासून दूर, फक्त भाजल्यावर लावायला. भाजलंच तर 20 मिनिटं वाहतं गार पाणी. चिकटलेला धातू ओढायचा नाही, टूथपेस्ट-हळद काही लावायचं नाही, थेट दवाखाना. ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, पत्ता आधीच बघून ठेवा.

मुलीचा धोका मात्र भाजण्याचा नाही, धुळीचा आहे. शिसं पोटात जातं ते मुख्यतः हातावरून, कपड्यावरून. लहान मुलं ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतात आणि मेंदूवर झालेला परिणाम भरून येत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2021 पासून मुलांसाठी दर डेसिलिटर रक्तात 3.5 मायक्रोग्रॅम ही लक्ष घालण्याची पातळी धरली आहे. त्याखालीही सुरक्षित म्हणता येईल असा आकडा नाही. म्हणून कामाचे कपडे-बूट तिथेच पिशवीत, घरी आणायचे नाहीत, घरच्या कपड्यांसोबत मशीनमध्ये तर नाहीच. हात गार पाण्यानं आणि साबणानं, नखं ब्रशनं. काम चालू असताना चहा, तंबाखू, विडी बंद. जागा झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं मळीत न टाकता वेगळ्या झाकणाच्या डब्यात टाका. तो डबा मात्र पुन्हा शेगडीजवळ नको. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम पुढे ढकला. वर्षातून एकदा स्वतःच्या रक्तातलं शिसं तपासा. तयार वजनंही मुलीच्या हाती लागतील अशी ठेवू नका. ती चकचकीत असतात, मुलं तोंडात घालतात.

भरती_ओहोटी
एक वेगळा मुद्दा. 100 ग्रॅमला शिसंच हवं का? लोखंडाची घनता 7.87, म्हणजे त्याच वजनाचा नट-बोल्ट शिशापेक्षा साधारण 44 टक्के मोठा. उधाणाच्या ओढीत तो थोडा जास्त सरकतो, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत फरक कळतही नाही. दगडात, खांबात गळ अडकून वजन तुटतंच, आणि तुटलेलं प्रत्येक वजन खाडीत राहतं. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, चिखल चाळून खाणारे रोहित (फ्लेमिंगो) तिथेच चरतात. ब्रिटनमध्ये हंस मरायला लागले म्हणून 1987 मध्ये 28 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. पक्षी गिळतात ती छोटी. म्हणून छोटी वजनं तरी शिशाची करू नका, आणि खडकाळ जागी लोखंडच वापरा.

खाडीकाठ_कळवा
60 ची लोखंडाचीच करतो. 100 ची शिशाची, डिसेंबरात, मामांच्या परड्यात. थर्मोकपलचं टोक कढईत कुठे ठेवायचं, तळाला टेकवून की मध्ये?

ओतकाम_तुर्भे
मध्ये, तळापासून बोटभर वर. तळाला टेकवलंत तर आचेचा ताप दिसेल, मालाचा नाही. आणि टोक बुडवण्याआधी काठावर तापवून घ्या, त्यालाही ओल असते.