डी'अँजेलिको आणि डी'अकिस्टो यांच्या आर्चटॉप गिटारी: नाद आणि फिनिश

प्रश्न: न्यूयॉर्कचे जॉन डी'अँजेलिको आणि त्यांचे शिष्य जिमी डी'अकिस्टो यांनी हाताने घडवलेल्या आर्चटॉप (वरची पाटी कमानदार कोरलेल्या) गिटारींच्या नादात नेमका कोणता फरक आहे, आणि त्यात फिनिशचा, म्हणजे लाकडावरच्या लेपाचा, वाटा किती?

उत्तर १: डी'अँजेलिको यांनी १९३२ साली दुकान थाटले तेव्हा वाद्यवृंदातील पितळी वाद्यांच्या गजरातून गिटारचा ठेका ऐकू येणे ही खरी गरज होती, त्यामुळे गिब्सन कंपनीच्या एल-५ या आर्चटॉप गिटारच्या धर्तीवर सुरू झालेल्या त्यांच्या गिटारींचा स्वर ठसठशीत आहे. डी'अकिस्टो यांनी पुढे सजावट कमी केली, ध्वनिछिद्रे मोठी केली आणि एबनी या काळ्या लाकडाचा टेलपीस (तारांची खालची टोके अडकवण्याचा भाग) वापरला. मला त्यांचा नाद अधिक मोकळा, खर्जात तर विशेष भरदार वाटतो.

उत्तर २: सहमत आहे; मात्र फिनिशला कमी लेखू नये. नायट्रोसेल्युलोज लॅकर या वार्निशसारख्या लेपाचा थर पातळ असेल, तर स्प्रूस लाकडाची कोरलेली वरची पाटी मोकळेपणाने कंप पावते. तरीही पाटीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांची मांडणी अधिक निर्णायक ठरते: समांतर पट्ट्यांनी आघात स्पष्ट उमटतो, तर एक्स आकाराच्या पट्ट्यांनी नाद मऊ होऊन रेंगाळतो.

उत्तर ३: तुलनेपूर्वी पिकअपही (तारांच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे साधन) पाहावा, कारण पाटी कापून बसवलेला पिकअप तिच्या कंपनाला आवर घालतो.