138 व्या दिवशी व्यायली, करडू गार पडलंय आणि दूध ओढत नाही. काय करू?

तेरणाकाठचा (ता. औसा) · 24 डिसेंबर, रात्री 11:40

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय. माझ्याकडं 9 उस्मानाबादी शेळ्या आहेत. त्यातली एक पहिलारू आज साडेनऊला व्यायली. 8 ऑगस्टला बोकड लावला होता, कॅलेंडरवर खूण आहे. म्हणजे आज 138 वा दिवस. परवा गव्हाणीवर मोठ्या शेळीनं हिला पोटात जोराची ढुशी दिली होती, त्यामुळं झालं की दुसरं काही, कळत नाही. दुपारी ही कोपऱ्यात जाऊन पाय आपटत होती, पण कास उतरली नव्हती म्हणून मी रानात पाण्याला निघून गेलो.

दोन करडं झाली. पहिलं मेलेलंच. दुसरं, पाट (मादी) आहे, जिवंत आहे. वजनकाट्यावर 1 किलो 300 ग्रॅम. केस आखूड आणि रेशमासारखे, दात एकही नाही, खूर मऊ. उभी राहत नाही. शेळीनं हुंगलं आणि बाजूला झाली. घरातला ताप बघायचा थर्मामीटर गुदद्वारात लावला तर 95.4. तोंडात बोट घातलं तर तोंड गार, बोट ओढत नाही. बाटलीनं दूध पाजू का? डॉक्टरांना फोन लावतोय, लागत नाही.

कडबाकुट्टी · 11:52

चमच्यात दोन थेंब ब्रँडी आणि मध टाकून द्या. आमच्याकडं हेच करतात. अंगात ऊब येते.

भूमची शेळीवाली · 11:58

भाऊ, आधी ती बाटली खाली ठेव. ब्रँडी तर नकोच.

गार पडलेल्या करडाच्या तोंडात दूध टाकलं की ते पोटात जात नाही, छातीत जातं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. चार वर्षांपूर्वी असंच एक आठवड्याआधी आलेलं करडू होतं. मला वाटलं भुकेनं मरेल, म्हणून मान वर धरून चमच्यानं पाजलं. नाकातून दूध आलं, मग छातीत घरघर सुरू झाली आणि पहाटेच्या आत संपलं. भूक नव्हती त्याला मारत, मी मारलं.

तर पहिली ऊब. तुझी पाट दोन-अडीच तासांचीच आहे, म्हणजे अंगात अजून थोडी शिल्लक आहे. बादलीत पाणी घे, कोपर घालून बघ, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तसं, त्याहून कढत नको. करडाला मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत घाल, डोकं बाहेर, आणि पिशवीसकट पाण्यात धर. पिशवी अशासाठी की अंग भिजत नाही आणि आईचा वास धुऊन जात नाही. वास गेला की पहिलारू त्याला पुढं जवळ करत नाही, मग जन्मभर बाटली तुझ्याच गळ्यात. पाणी गार होत आलं की बदल. दहा-पंधरा मिनिटांनी थर्मामीटर लाव. 99 च्या पुढं गेलं आणि बोट ओढायला लागलं की मग दूध.

बाहेर काढल्यावर आडवी टाकू नको. पाय पोटाखाली दुमडून छातीवर बसती ठेव, दोन्ही बाजूंनी गोणपाटाच्या गुंडाळ्या लाव. कुशीवर पडलं की खालचं फुप्फुस दबतं, आधीच या लेकरांना श्वासाचं संकट. डालग्यात ठेव, गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून बाजूला दे. बल्ब लावणार असशील तर कडब्यापासून दोन हात लांब, तारेनं बांधून. नुसता वायरीला लोंबता नको. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको.

शेळीला चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) आहे का ते पिळून बघ.

तेरणाकाठचा · 12:50

ताई, पिशवीचं केलं. तीन वेळा पाणी बदललं. आता 99.8 आहे आणि बोट ओढते, जोर नाही पण ओढते. आजीनं लुगड्याच्या ओच्यात घेतली आहे, खाली ठेवू देत नाही.

शेळीला पिळलं तर दोन्ही सडांतून मिळून चमचाभर पिवळं चिकट निघालं. बस्स.

भूमची शेळीवाली · 12:57

आजीला घेऊ दे, तिच्याइतकी सारखी ऊब बल्ब देत नाही.

दिवस भरायच्या आत व्यायली की चीक असाच. तो चमचाभर आधी पाज, टाकू नको. गावात कुणाची शेळी आज-काल व्यायली असेल तर माग. नसेल तर ताज्या व्यायलेल्या गाईचा चीकही चालतो. मी दर हंगामात जास्तीचा चीक छोट्या डब्यांत बर्फाच्या कप्प्यात ठेवते. तो वितळवताना डबा कोमट पाण्यात ठेवायचा. आमच्या सूनबाईनं एकदा गॅसवर ठेवला, खरवस झाला. चांगला झाला होता, पण करडाच्या कामाचा नाही.

एका वेळी 25-30 मिली, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. उद्या रात्रीपर्यंत सगळं मिळून पाव लिटर पोटात गेलं पाहिजे. मान ताणून वर करू नको, आईच्या कासेखाली असते तेवढीच. नाळेला टिंचर आयोडीन लावलंस का?

निवृत्त पशुवैद्य (उदगीर) · 25 डिसेंबर, सकाळी 6:35

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलं आहे. ब्रँडीबद्दल: दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. रक्तातली साखरही खाली येते. अशा करडाला दोन्ही घातक.

138 दिवस म्हणजे काठावरचं वय. शेळीचे दिवस साधारण 150. श्वास सोडल्यावर फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक लेप असतो, तो शेवटच्या दिवसांत पुरा होतो. करडू कण्हत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील तर लगेच दवाखाना. फिरत्या पथकासाठी 1962 ला फोन करा. पाच-सहा तासांहून जुनं गार करडू असेल तर हिशेब वेगळा: त्याची साखर संपलेली असते, नुसतं शेकलं तर झटके येतात. त्याला आधी पशुवैद्याकडून ग्लुकोज.

ओढायचं थांबली तर नळीनं पाजावं लागेल. नळी नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून घेतात, खोकला आला की बाहेर काढतात, दूध सिरिंजनं ढकलत नाहीत, आपसूक उतरू देतात. पण पहिल्यांदा कुणाकडून तरी समोर बसून शिका.

पुढच्या वेळी तारखेआधी शेळी पाय आपटू लागली तर कासेची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टर बोलवा. फुप्फुस लवकर तयार व्हावं म्हणून आम्ही कधीकधी डेक्सामेथासोन देतो. मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका, तेच औषध शेवटच्या दिवसांतल्या धडधाकट गाभण शेळीला अवेळी व्यायला लावतं.

ढुशीचं कारण असू शकतं. पण दुसऱ्या शेळीनंही गाभ टाकला तर ढुशीवर ढकलू नका. वार (करडामागून पडणारी जार) आणि मेलेलं करडू बर्फात घालून तपासणीला द्या, ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतुरोग) असू शकतो आणि तो माणसालाही होतो. हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिला गोठ्यापासून लांब ठेवा. घरात दूध उकळूनच प्या. आता जे पुरायचं ते खोल, चुना टाकून, कुत्री उकरणार नाहीत असं. वार लोंबत असेल तर ओढू नका. बारा तासांत पडली नाही तर दाखवा.

तेरणाकाठचा · 5 जानेवारी, रात्री 9:10

उशिरा कळवतोय. वार त्याच रात्री पडली. हातमोजे नव्हते, त्या दिवशी उघड्या हातानंच सगळं केलं होतं. आता खोकं आणून ठेवलंय. बाकी आठ शेळ्या ठीक आहेत.

चीक गल्लीतल्या एका घरी मिळाला, गाईचा. तिसऱ्या दिवशी पाटीला हगवण लागली, डॉक्टर येऊन गेले. मी हावरटपणानं एका वेळी शंभर मिली पाजत होतो, ते कमी केलं. पाचव्या दिवशी उभी राहिली, पण पुढचे पाय मनगटात वाकून. आता सरळ टाकते. शेळी दुधाला आली, पण पाटीला अंगाला लावून घेत नव्हती. आजी रोज दोन्ही वेळा शेळीला दावणीला बांधून, मांडीनं दाबून पाटीला सडाला धरायची. परवापासून शेळी स्वतः उभी राहते, शेपटीखाली हुंगते.

कॅलेंडरवर व्यायची तारीख म्हणून गोल केला होता, तो आजचा. वजन 1 किलो 780. खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं तर दोन दात लागतात.

ताई, गाईचा थोडा चीक शेजाऱ्यांकडून मागून डब्यात भरून ठेवलाय. फेब्रुवारीत अजून तीन व्यायच्या आहेत. तोवर टिकेल ना?

भूमची शेळीवाली · 9:32

टिकेल. डब्यावर तारीख लिही. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेव, नाहीतर खरवस होतो.