रखमाबाईंच्या जिवाभावाच्या माणसांबद्दल कुठे वाचायला मिळेल?

तालीम_सुरू
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनमंडळात सावित्रीबाईंच्या जयंतीला दरवर्षी आम्ही बायका काहीतरी सादर करतो. यंदा डॉ. रखमाबाईंवर 20 मिनिटांचं एकपात्री माझ्याकडे आलंय.

खटला आता तोंडपाठ आहे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, पण राहणं माहेरीच. 1884 साली तिने नांदायला यावं म्हणून नवऱ्याने दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्हेंनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर खटला परत खाली आला आणि मार्च 1887 मध्ये न्या. फॅरननी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

पण मी वाचलं त्यात ती कोर्टात एकटीच उभी दिसते. 22 वर्षांची मुलगी एवढी वर्षं कुणाच्या आधारावर तग धरते? रात्री झोप लागत नसेल तेव्हा कुणाला पत्र लिहीत असेल? मला तिची माणसं हवी आहेत. मराठीत असेल तर फार बरं, कारण तालमीला माझी आई बसते आणि तिलाही आधी वाचायचं आहे.

जुनं_दप्तर
मोहिनी वर्दे यांचं 'डॉ. रखमाबाई : एक आर्त' आधी मिळवा. मोठ्या ग्रंथालयात चरित्रांच्या कपाटात विचारा. कोर्टातली बाजू खोलात हवी असेल तर सुधीर चंद्र यांचं इंग्रजी 'एन्स्लेव्ह्ड डॉटर्स' आहे, पण ते नंतर.

एक विनंती. राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडलं असं जे सगळीकडे फिरतं, ते संहितेत घेऊ नका. 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींना 2000 रुपये दिले गेले आणि त्यांनी तुरुंगाचा आग्रह सोडला.

गिरगावची_मावशी
अगं, माणसं शोधायची तर घरातूनच सुरुवात कर. तिची आई जयंतीबाई स्वतः लहान वयात विधवा झालेली. तिने पुनर्विवाह केला तो डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाहाला मनाई नव्हती. हे सावत्र वडील वैद्यकीतले तज्ज्ञ, वनस्पतींचे अभ्यासक, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. पोरीने घरीच राहून शिकावं याला त्यांचा पाठिंबा होता. आणि खटला ऐन भरात असताना, 1885 च्या एप्रिलमध्ये, ते गेले. पिन्हेंचा निकाल सप्टेंबरचा. म्हणजे ज्यांनी पाठीवर हात ठेवला, त्यांना तो निकाल ऐकायला मिळाला नाही. माझ्या मते तुझ्या एकपात्रीचं मर्म इथेच आहे.

मायलेकी आर्य महिला समाजाच्या बैठकांनाही जात. बायकांनी बायकांशी मोकळं बोलायची तेव्हाची ती जागा.

पत्रपेटी
मावशींना अनुमोदन. त्यात दोन मैत्रिणींची भर घालते.

पहिली डॉ. एडिथ पेची. 1883 अखेर मुंबईत आल्या, पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. 1869 साली एडिनबरोत वैद्यकी शिकायला धडपडलेल्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात हक्काची शिष्यवृत्ती केवळ बाई म्हणून नाकारलेली. दार तोंडावर आपटणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. खटल्यात रखमाबाईंच्या मदतीला उभ्या राहिलेल्या बचाव समितीत एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्स्वर्थ, समाजसुधारक बेहरामजी मलबारी अशी वजनदार मंडळी होती. पण 'तू डॉक्टर हो' म्हणून मागे लागणाऱ्या आणि त्यासाठी पैसे उभे करायला झटणाऱ्या पेचीबाई. 1889 ला रखमाबाई लंडनला गेल्या ते या बळावर. तिथे मॅक्लारेन दांपत्याने घर उघडलं.

दुसरी पंडिता रमाबाई. फॅरनचा निकाल आला तेव्हा त्या अमेरिकेत होत्या. रखमाबाईंनी त्यांना लिहिलेल्या पत्रातला मजकूर रमाबाईंनी 'हाय कास्ट हिंदू वूमन' या 1887 च्या पुस्तकात दिला आहे. त्यात ती स्वतःबद्दल कमी बोलते. आता कठोर सासवांना जोर चढेल, त्या मुलांना सुनांवर दावे लावायला सांगतील, ही तिची काळजी. स्वतःच्या डोक्यावर तुरुंग टांगलेला असताना हे लिहिलंय. ते पान मोठ्याने वाचा, रंगमंचावर दुसरं काही लागणार नाही.

'हिंदू लेडी' या सहीने तिने टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेली 1885 ची पत्रंही बघा.

तालीम_सुरू
मावशी, पत्रपेटी, डोळे भरून आले. आईला वाचून दाखवलं. एप्रिल आणि सप्टेंबर ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक अडतंय. 1904 मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेसारखं पांढरं पातळ नेसायला सुरुवात केली असं सगळीकडे आहे. ज्याच्याबरोबर एक दिवस राहिली नाही, त्याच्यासाठी? हे दाखवायचं कसं?

गिरगावची_मावशी
मलाही ते पचत नाही गं, आणि कारण आपण तिच्या तोंडी घालू नये. तेव्हा ती सुरतेत बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. नुसतं पातळ बदललेलं दाखव, संवाद नको. आणि त्याच पातळात तिला पुढच्या बाळंतिणीकडे जाऊ दे.

जुनं_दप्तर
वर्दे आमच्या ग्रंथालयात आहे. गाव कळवलंत तर तुमच्या जवळ कुठे मिळेल ते विचारून सांगतो.