भागाकारात मधला शून्य खाणारी पोरं, मदत हवी आहे

नमस्कार, झेडपी शाळेत सातवीला गणित शिकवते. वर्गात २८ मुलं, त्यातली ९ जण ६१२ ला ६ ने भागून बिनधास्त १२ लिहितात, १०२ नाही. मधला शून्य गायब!

पाढे येतात, वजाबाकी येते, त्यामुळे ते सुचवू नका प्लीज. खोट्या नोटा देऊन करून घेतलं, शंभराच्या ६, दहाची १, एकच्या २, सहा जणांत वाटा. तिथे बरोब्बर करतात, दहाची एक नोट सहा जणांत वाटता येत नाही म्हणून स्वतःच सुट्टे मागतात, मग बारा सुट्ट्यातले प्रत्येकाला दोन, म्हणजे उत्तर १०२ तोंडाने सांगतात. आणि वहीवर तेच उदाहरण, परत १२! ताळा करायला लावला तर ७२ येतं, चुकलं हे कळतं, मग खोडून १२० करतात, म्हणजे शून्य कुठेतरी द्यायचाय एवढंच डोक्यात बसलंय 🙈

चौकटीची वही, वर श-द-ए लिहिणं पण झालं. चौकटी असतील तोवर नीट, साध्या वहीवर गाडी मूळपदावर.

परिपाठाआधी ३० मिनिटं मिळतात, मुलं स्वतःहून लवकर येतात. नेट, प्रोजेक्टर काही नाही. पुढच्या वर्षी आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचंय, वर्षाला १२ हजार बारावीपर्यंत, यांच्या घरी ते खूप असतात, म्हणून घाई.

तर नोटांवरून थेट वहीवर न जाता मधली पायरी कोणी काय घेतलीय? आणि चौकटी कधी, कशा काढून घेतल्या?